अंकीय चलन

संगणकीय नोंदींच्या स्वरूपात अस्तित्वात असलेल्या आणि संगणक वा भ्रमणध्वनी यांच्या साहाय्याने एकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होणाऱ्या चलनास ‘अंकीय चलन’ असे म्हणतात. व्यवहारात ‘डिजिटल चलन’ ही संज्ञा अधिक रूढ आहे. नाणे व नोट यांना असते तसे भौतिक रूप या चलनास नसते. ते कोणाच्या नावे किती आहे, याची नोंद हेच त्याचे अस्तित्व होय. या एकाच नावाखाली परस्परांहून अगदी भिन्न अशा तीन गोष्टी सामान्यतः मोडतात : (१) एखाद्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने काढलेले अंकीय चलन, उदा., भारताचा ई-रुपया. (२) खाजगी संस्थेने एखाद्या प्रचलित चलनाशी मूल्य जोडून काढलेली स्थिरमूल्य नाणी, म्हणजेच ‘स्टेबलकॉइन’. आणि (३) बिटकॉइनसारखी कूटचलने, ज्यांच्यामागे कोणत्याही व्यक्तीची वा संस्थेची देयता नसते. मालाच्या वा श्रमाच्या मोबदल्यात अंकीय चलन स्वीकारावे की नाही, या प्रश्नास एकच उत्तर देता येत नाही, याचे कारण हा भेदच आहे. देऊ केलेले चलन या तिहींपैकी कोणत्या प्रकारात मोडते आणि त्याच्या मूल्याबद्दल कोण बांधलेला आहे, हे कळल्यावरच स्वीकाराचा विचार करणे शक्य होते.

चलन आणि स्वीकार : चलनाचे खरे लक्षण म्हणजे त्याची सर्वसामान्य स्वीकार्यता होय. विक्रेता माल देऊन चलन घेतो, कारण उद्या तेच चलन दुसरा कोणी आपल्याकडून घेईल, असा त्यास विश्वास असतो. हा विश्वास कशावर आधारलेला असावा, हा प्रश्न नवा नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात नाण्यांची पारख करणाऱ्या ‘रूपदर्शक’ नावाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. पेशवाईच्या काळात महाराष्ट्रात अनेक टाकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत. चांदवडी, अंकुशी इ. रुपयांचे वजन व कस सारखे नसल्यामुळे सराफ प्रत्येक नाणे पारखून त्यावर बट्टा कापीत. दुकानदारास रुपया मिळाला, तरी त्याचे मूल्य सराफाच्या कसोटीनंतरच निश्चित होई. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया पाडला आणि पुढे ही विविधता हळूहळू नष्ट झाली. तेव्हापासून आलेला रुपया पारखण्याची गरज सामान्य माणसास क्वचितच भासली. अंकीय चलनांच्या उदयामुळे पारखीचा तोच प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा पुढे आला आहे. फरक इतकाच की, येथे धातूचा कस पाहावयाचा नसून नोंदीमागील बांधिलकीचा कस पाहावयाचा असतो.

आधुनिक नोट हे तत्त्वतः एक ऋणपत्र आहे. रिझर्व्ह बँकेने काढलेल्या नोटेची रक्कम त्या बँकेच्या ताळेबंदात देयतेच्या बाजूस दाखविली जाते. रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ अन्वये या नोटा भारतात सर्वत्र विधिग्राह्य असून त्यांस केंद्र सरकारची हमी आहे. विधिग्राह्य चलनाचा अर्थ असा की, ऋणकोने ते देऊ केले असता धनकोस ते नाकारून कर्ज अदत्त राहिल्याचा दावा करता येत नाही. नाण्यांची विधिग्राह्यता मर्यादित असते. नाणे अधिनियम, २०११ अन्वये एक रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंतच विधिग्राह्य आहेत. इतर कोणतेही साधन स्वीकारणे हे देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या संमतीवर अवलंबून असते.

बँकेतील पैसा : अंकीय चलन आणि बँकेतील ठेवीचे संगणकीय हस्तांतरण यांत अनेकदा गल्लत केली जाते. राष्ट्रीय देयके महामंडळाने २०१६ साली सुरू केलेली ‘यूपीआय’ ही प्रणाली हे चलन नसून एका बँक खात्यातून दुसऱ्या बँक खात्यात रक्कम वळती करण्याचा आदेश पोहोचविणारी व्यवस्था आहे. ग्राहकाने दुकानातील चौकोनी संकेतचिन्ह टिपून ५०० रुपये दिले म्हणजे ग्राहकाच्या बँकेची त्याच्याप्रत असलेली देयता तितक्याने घटते आणि दुकानदाराच्या बँकेची दुकानदाराप्रत असलेली देयता तितक्याने वाढते. दुकानदाराच्या हाती येते ते त्याच्या बँकेचे ऋण होय. या ऋणाचा भरवसा मोठा असला, तरी तो निरपवाद नसतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना आपल्या खात्यातून सुरुवातीस केवळ १,००० रुपये काढता येत होते. खात्यावरील आकडा कायम होता, पण तो खर्चता येत नव्हता. फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा प्रत्येक बँकेतील प्रत्येक ठेवीदारामागे १ लाखावरून ५ लाख रुपये करण्यात आली. अशा रीतीने बँकेतील पैशाचा कस ती बँक, तिच्यावरील देखरेख आणि ठेव विमा यांवर ठरतो.

ऐतिहासिक विकास : संगणकीय नोंद सहज नकलता येते, ही अंकीय चलनापुढील मूळ अडचण होय. एकच नोट एकाच वेळी दोघांस देता येत नाही. परंतु संगणकातील एकच संदेश कितीही जणांस पाठविता येतो. या दोषास ‘दुहेरी खर्चाची समस्या’ म्हणतात. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८०–९० या दशकाच्या आरंभी ‘अंध स्वाक्षरी’ ही गणिती पद्धती मांडली. तीनुसार बँक अंकीय नाण्यावर ते नाणे कोणाचे आहे हे न पाहता स्वाक्षरी करते आणि ते परत आल्यावर खर्चलेल्या नाण्यांच्या यादीशी ताडून पाहते. यामुळे रोख पैशाप्रमाणे गुप्तता राहूनही तेच नाणे पुन्हा खर्चता येत नाही. या तत्त्वावर चॉम यांनी ॲम्स्टरडॅम येथे ‘डिजिकॅश’ ही कंपनी स्थापन केली. परंतु पुरेसे ग्राहक व बँका न मिळाल्यामुळे १९९८ साली तिचे दिवाळे निघाले. चॉम यांच्या पद्धतीत यादी ठेवणारी एक मध्यवर्ती संस्था आवश्यक होती.

ती संस्था पूर्णपणे वगळण्याची योजना ३१ ऑक्टोबर २००८ रोजी ‘सातोशी नाकामोतो’ या नावाने प्रसृत झालेल्या एका निबंधात मांडण्यात आली. या नावामागील व्यक्ती वा गट यांची ओळख आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेली नाही. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनचे जाळे कार्यान्वित झाले. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेण्यात आले. बिटकॉइनने केलेल्या वस्तुखरेदीचे हे पहिले प्रसिद्ध उदाहरण होय.

बिटकॉइनची कार्यपद्धती : बिटकॉइनच्या सर्व व्यवहारांची खातेवही एका ठिकाणी नसून तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. प्रत्येक धारकाजवळ एक गुप्त संख्या असते, तिला ‘गुप्त किल्ली’ म्हणतात. तिच्या साहाय्याने केलेली अंकीय स्वाक्षरी असेल, तरच हस्तांतरणाचा आदेश ग्राह्य धरला जातो. सुमारे दर दहा मिनिटांनी नव्या व्यवहारांचा एक गट खातेवहीत जोडला जातो. प्रत्येक गटात आधीच्या गटाची गणिती खूण समाविष्ट असल्यामुळे जुन्या नोंदीत फेरफार केल्यास पुढील सर्व खुणा चुकतात. गटांच्या या साखळीस ‘ब्लॉकचेन’ असे नाव आहे. नवा गट जोडण्याचा अधिकार मिळविण्यासाठी संगणकांना एका विशिष्ट प्रकारची संख्या वारंवार प्रयत्नांनी शोधावी लागते. यात पुष्कळ वीज खर्च होते आणि हा खर्चच फसवणुकीस आळा घालतो, कारण खोटी साखळी रचावयाची तर उर्वरित सर्वांच्या एकत्रित गणनशक्तीवर मात करावी लागेल. यशस्वी संगणकास मोबदला म्हणून नवे बिटकॉइन मिळतात. या क्रियेस ‘खनन’ म्हणतात. आरंभी हा मोबदला प्रत्येक गटामागे ५० बिटकॉइन होता. तो सुमारे दर चार वर्षांनी निम्मा होत असून एप्रिल २०२४ पासून ३.१२५ इतका आहे. एकूण बिटकॉइनची संख्या २.१ कोटींच्या पुढे जाणार नाही, अशी नियमांत तरतूद आहे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘इथेरियम’ या जाळ्याने सप्टेंबर २०२२ मध्ये खननाची पद्धत सोडून धारकांनी गहाण ठेवलेल्या नाण्यांवर आधारित पद्धत स्वीकारली. तिच्यामुळे विजेचा वापर फार मोठ्या प्रमाणात घटला.

या रचनेचे काही परिणाम स्वीकारणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. नोंदलेला व्यवहार मागे घेता येत नाही. त्यामुळे क्रेडिट कार्डाच्या व्यवहाराप्रमाणे ग्राहक पुढे तक्रार करून रक्कम परत नेईल, ही भीती विक्रेत्यास राहत नाही. उलट, चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत मिळवून देणारे कार्यालयही नसते. गुप्त किल्ली हरवल्यास नाणी कायमची हातची जातात आणि ती दुसऱ्याच्या हाती पडल्यास तोच व्यवहारतः मालक ठरतो. मोठ्या रकमेचा व्यवहार पक्का मानण्यापूर्वी त्यावर आणखी पाच-सहा गट चढेपर्यंत, म्हणजे सुमारे एक तास, थांबण्याचा प्रघात आहे. बिटकॉइनच्या मूळ जाळ्याची क्षमता सेकंदाला सुमारे सात व्यवहारांची आहे. तुलनेने, ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. म्हणजे सरासरीने सेकंदाला सात हजारांहून अधिक. लहान रकमांसाठी मूळ साखळीबाहेर व्यवहार करून अंतिम हिशेब तेवढा साखळीवर नोंदविणारी ‘लाइटनिंग’ ही पूरक पद्धती २०१८ पासून वापरात आहे. बिटकॉइनचे व्यवहार पूर्णपणे गुप्त असतात, ही समजूतही बरोबर नाही. धारकाचे नाव दिसत नसले, तरी प्रत्येक पत्त्यावरील आवक-जावक कोणालाही पाहता येते.

मूल्यातील चढउतार : बिटकॉइनचा पुरवठा मागणीनुसार वाढविता येत नाही आणि त्याच्या मूल्यास कोणाची हमी नाही; त्यामुळे मागणीतील प्रत्येक बदल थेट किंमतीत उमटतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनची किंमत ६८,००० डॉलरांच्या वर गेली होती. वर्षभरात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ती सुमारे १६,००० डॉलरांवर आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने १ लाख डॉलरांचा टप्पा ओलांडला. १२ मार्च २०२० या एकाच दिवशी ती एक-तृतीयांशाहून अधिक घसरली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या लाकूडसामानाच्या दुकानदाराने ४६,००० रुपये खर्चाचे कपाट ५०,००० रुपयांस विकले आणि तितक्या मूल्याचे बिटकॉइन घेतले. पुढील आठवड्यात लाकूड आणण्यापूर्वी किंमत दहा टक्क्यांनी उतरली, तर त्याच्याजवळ ४५,००० रुपये उरतात. म्हणजे नफा तर गेलाच, शिवाय भांडवलातील १,००० रुपयेही बुडाले. किंमत चढली असती तर त्यास अधिक लाभ झाला असता, हे खरे. परंतु तो लाभ कपाटाच्या धंद्यातील नसून सट्ट्यातील असतो. ज्याचे देणे रुपयांत आहे, त्याने येणे अस्थिर मूल्याच्या साधनात ठेवणे म्हणजे आपल्या मूळ व्यवसायास दुसरा, अधिक जोखमीचा व्यवसाय जोडणे होय.

स्थिरमूल्य नाणी : हा दोष टाळण्यासाठी एका नाण्याचे मूल्य एका डॉलराइतके राखण्याचे वचन देणारी नाणी निघाली. २०१४ साली सुरू झालेले ‘टेदर’ आणि २०१८ सालचे ‘यूएसडीसी’ ही त्यांतील प्रमुख होत. काढणारी संस्था जितकी नाणी काढते, तितक्या मूल्याच्या बँक ठेवी, सरकारी हुंड्या इ. मालमत्ता राखीव ठेवते. येथे बिटकॉइनहून वेगळी गोष्ट म्हणजे देयता असलेली संस्था अस्तित्वात असते. म्हणून नाण्याचा कस तिच्या राखीव निधीवर अवलंबून राहतो. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा यूएसडीसीच्या राखीव निधीपैकी ३३० कोटी डॉलर त्या बँकेत अडकल्याचे जाहीर होताच त्या नाण्याचा भाव ९० सेंटांच्या खाली गेला. अमेरिकन शासनाने त्या बँकेतील सर्व ठेवी सुरक्षित राहतील, असे जाहीर केल्यावर तो काही दिवसांत पूर्ववत झाला. राखीव मालमत्तेऐवजी केवळ संगणकीय नियमांनी दुसऱ्या नाण्याचा पुरवठा कमीजास्त करून मूल्य स्थिर राखू पाहणारे ‘टेरायूएसडी’ मात्र मे २०२२ मध्ये कोसळले आणि पुन्हा सावरले नाही. दोन्ही नाण्यांच्या नावात डॉलर होता, पण मागील आधार सारखा नव्हता. यूरोपीय संघाने २०२३ मध्ये संमत केलेल्या नियमांनी आणि अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने अशा नाण्यांच्या राखीव निधीवर बंधने घातली आहेत.

मध्यवर्ती बँकांची अंकीय चलने : खाजगी नाण्यांचा प्रसार आणि रोख पैशाचा घटता वापर लक्षात घेऊन अनेक मध्यवर्ती बँकांनी स्वतःची अंकीय चलने काढण्याचा विचार सुरू केला. बहामा बेटांनी ऑक्टोबर २०२० मध्ये ‘सँड डॉलर’ आणि नायजेरियाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘ई-नायरा’ प्रचारात आणले. चीननेही आपल्या अंकीय युआनचे प्रयोग अनेक शहरांत केले. भारतात २०२२ च्या वित्त अधिनियमाने रिझर्व्ह बँक अधिनियमात दुरुस्ती होऊन ‘बँक नोट’ या संज्ञेत अंकीय रूपातील नोटेचा समावेश झाला. त्यानुसार १ नोव्हेंबर २०२२ रोजी बँकांमधील घाऊक व्यवहारांसाठी आणि १ डिसेंबर २०२२ रोजी सर्वसामान्यांच्या किरकोळ व्यवहारांसाठी ई-रुपयाचा प्रायोगिक वापर सुरू झाला. किरकोळ प्रयोगाच्या पहिल्या टप्प्यात मुंबई, नवी दिल्ली, बंगळूर व भुवनेश्वर ही चार शहरे होती.

ई-रुपया नोटा व नाण्यांच्याच दर्शनी मूल्यांत मिळतो. तो बँकेमार्फत वितरित होत असला, तरी ती बँकेची नव्हे, तर रिझर्व्ह बँकेची थेट देयता असते. म्हणून तो ज्या बँकेमार्फत मिळाला ती अडचणीत आल्यास, त्याचे मूल्य ठेवीप्रमाणे धोक्यात येत नाही. त्यावर व्याज मिळत नाही. २०२३ पासून यूपीआयच्या संकेतचिन्हावरही ई-रुपयाने पैसे देता येऊ लागल्यामुळे दुकानदारास निराळी व्यवस्था करावी लागत नाही. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी व्यवहार करणे किंवा ठरावीक कामासाठीच खर्चता येईल अशी रक्कम देणे, असे प्रयोगही हाती घेण्यात आले आहेत. तथापि ई-रुपयाचा प्रसार मर्यादितच आहे. मार्च २०२५ अखेर सुमारे १,०१६ कोटी रुपयांचे अंकीय चलन प्रचारात होते. लक्षावधी कोटींच्या कागदी नोटांच्या तुलनेत हे प्रमाण नगण्य होय. यूपीआय सर्वत्र उपलब्ध असल्यामुळे सामान्य ग्राहकास ई-रुपयाची वेगळी निकड जाणवलेली नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण दिसते. शिवाय प्रत्येक खर्चाची नोंद शासनयंत्रणेस उपलब्ध होईल काय, ही शंका व्यक्त केली जाते. रोख पैशाची गुप्तता अंकीय रूपात कितपत राखावी, याविषयी सर्वच देशांत विचारविनिमय चालू आहे.

भारतातील कायदेशीर स्थिती : कूटचलनांच्या धोक्यांविषयी रिझर्व्ह बँकेने पहिली जाहीर सूचना डिसेंबर २०१३ मध्ये दिली. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने तिने आपल्या नियंत्रणाखालील बँकांना कूटचलनांचे व्यवहार करणाऱ्यांस सेवा देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी हे परिपत्रक रद्द ठरविले. केंद्र सरकारने २०२२ च्या वित्त अधिनियमात अशा नाण्यांस चलन न मानता ‘आभासी अंकीय मालमत्ता’ मानले. त्यांच्या हस्तांतरणापासून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर बसविण्यात आला. त्यातून खरेदीमूल्याखेरीज अन्य खर्च वजा करता येत नाही आणि झालेला तोटा इतर उत्पन्नातून भरून काढता येत नाही. मार्च २०२३ मध्ये या मालमत्तांचा व्यवसाय करणाऱ्यांना काळ्या पैशास प्रतिबंध करणारा कायदा लागू करण्यात आला. यावरून असे दिसते की, भारतात कूटचलन बाळगणे हा अपराध नाही. परंतु ते विधिग्राह्य चलन नाही आणि ते स्वीकारण्याची सक्ती कोणावरही नाही.

करविषयक तरतुदींचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. बिटकॉइन घेऊन माल देणारा दुकानदार कायद्याच्या दृष्टीने केवळ माल विकत नसतो, तर मालाच्या मोबदल्यात एक मालमत्ता विकत घेत असतो. म्हणून विहित मर्यादेपलीकडील व्यवहारात, माल देण्यापूर्वी त्या मालमत्तेवरील एक टक्का कर भरला गेल्याची खात्री करून घेण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. त्याखेरीज मालाची किंमत त्या दिवसाच्या दराने त्याच्या धंद्याची विक्री ठरते, वस्तू व सेवा कर त्यास रुपयांतच भरावा लागतो आणि पुढे ते बिटकॉइन विकताना नफा झाल्यास त्यावर वेगळा कर द्यावा लागतो. परदेशी ग्राहकांसाठी संगणकीय कामे करणाऱ्यांना स्थिरमूल्य नाण्यांत मोबदला देऊ केला जातो. अशा वेळी परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ खाली निर्यातीचे मूल्य अधिकृत बँकेमार्फत देशात आणण्याचे बंधन ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

एल साल्वादोरचा अनुभव : बिटकॉइन स्वीकारण्याची कायदेशीर सक्ती करण्याचा प्रयोग मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशाने केला. या देशात २००१ पासून अमेरिकन डॉलर हेच चलन आहे आणि परदेशी गेलेल्या नागरिकांनी पाठविलेल्या पैशावर अनेक कुटुंबे अवलंबून आहेत. हा पैसा स्वस्तात यावा आणि बँक खाते नसलेल्यांना पैसे देण्याघेण्याची सोय व्हावी, असा उद्देश सांगण्यात आला. ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइन हे डॉलराबरोबरच विधिग्राह्य चलन झाले व ग्राहकाने देऊ केल्यास ते घेणे व्यापाऱ्यांवर बंधनकारक ठरले. शासनाने ‘चिवो’ हे भ्रमणध्वनीवरील वॉलेट काढून ते घेणाऱ्या प्रत्येक नागरिकास ३० डॉलर मूल्याचे बिटकॉइन दिले. चढउताराचा धोका व्यापाऱ्यांवर पडू नये म्हणून आलेल्या बिटकॉइनचे लगेच डॉलर करून देण्यासाठी १५ कोटी डॉलरांचा निधीही उभारला. तथापि बहुसंख्य लोकांनी बक्षिसाचे ३० डॉलर खर्च केल्यावर वॉलेटचा वापर फारसा केला नाही आणि दैनंदिन व्यवहार डॉलरांतच चालू राहिले. आंतरराष्ट्रीय चलननिधीशी डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या १४० कोटी डॉलरांच्या कर्जविषयक समझोत्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन स्वीकाराची सक्ती काढून टाकण्यात आली. व्यापाऱ्यांना संरक्षण म्हणून जी सोय दिली गेली, ती बिटकॉइन तत्काळ सोडून डॉलर मिळविण्याची होती. ज्या चलनाचा स्वीकार सुसह्य करण्यासाठी त्याचे दुसऱ्या चलनात रूपांतर करावे लागते, ते चलन मूल्यमापनाचे काम करीत नसून केवळ वहनाचे काम करते, असा निष्कर्ष या अनुभवावरून निघतो.

स्वीकारापूर्वीची पारख : वरील विवेचनावरून स्वीकारणाऱ्याने पाहावयाच्या गोष्टी निश्चित करता येतात. पहिली, या नोंदीच्या मूल्याबद्दल कोण बांधलेला आहे : रिझर्व्ह बँक, एखादी बँक, खाजगी संस्था की कोणीही नाही. दुसरी, आपली देणी ज्या चलनात आहेत त्या चलनात ही रक्कम किती वेळात, किती खर्चाने व कोणामार्फत रूपांतरित होईल. तिसरी, व्यवहार अंतिम केव्हा होतो आणि चूक वा फसवणूक झाल्यास दाद कोठे मागावयाची. चौथी, कर व हिशेब यांची कोणती जबाबदारी आपल्यावर येते. पाचवी, नाणी प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात राहतात. कूटचलनांच्या बाजारगृहात ठेवलेली नाणी ही ठेवीदाराच्या हातातील नाणी नसून त्या बाजारगृहावरील दावा असतो. टोकिओ येथील ‘माउंट गॉक्स’ हे बाजारगृह फेब्रुवारी २०१४ मध्ये आणि बहामास्थित ‘एफटीएक्स’ नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडाले, तेव्हा अनेकांना हा भेद प्रथमच उमगला. या दाव्यांना ठेव विम्याचे संरक्षण नव्हते.

यांखेरीज चलनाचा स्वीकार आणि चलनाच्या नावावर चालणारी गुंतवणूक योजना यांतील भेदही ओळखावयास हवा. पुणे पोलिसांनी २०१८ साली तपासास घेतलेल्या ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात गुंतविलेल्या बिटकॉइनवर दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखविल्याचा आरोप होता. बिटकॉइनच्या रचनेत असा परतावा देणारा कोणताही घटक नाही. जेथे निश्चित परताव्याचे वचन दिले जाते, तेथे ते देणारा मनुष्य वा संस्था कोण, हाच पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

सारांश, आजच्या स्थितीत भारतातील सामान्य विक्रेत्यास ई-रुपया स्वीकारण्यात नोटेहून अधिक जोखीम नाही. स्थिरमूल्य नाणी स्वीकारणे म्हणजे एका परदेशी खाजगी संस्थेस कर्ज देण्यासारखे आहे आणि कूटचलन स्वीकारणे म्हणजे अस्थिर किंमतीची मालमत्ता विकत घेण्यासारखे आहे. ज्यास ती मालमत्ता बाळगावयाची आहे, जो तिचे मूल्य पूर्णपणे नाहीसे झाले तरी तो तोटा सोसू शकतो आणि कायद्याने घातलेल्या जबाबदाऱ्या पार पाडू शकतो, त्याने ती घेण्यास हरकत नाही. परंतु ज्याचे घरभाडे, मजुरी व मालाची बिले त्याच रकमेतून भागावयाची आहेत, त्याने रुपयांचा आग्रह धरणे हेच हिताचे ठरते. पूर्वी नाण्यावर किती बट्टा कापावयाचा, हे सराफ सांगत असे. अंकीय चलनाच्या बाबतीत हे काम अद्याप मोठ्या प्रमाणावर स्वीकारणाऱ्यासच करावे लागते.